घरातला निषाद

आदिकाव्याच्या जन्माची कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तमसेच्या तीरावर निषादाने क्रौंचाच्या जोडीतील एका पक्ष्याला मारले, मागे राहिलेल्या पक्षिणीचा आक्रोश वाल्मीकींच्या कानी पडला आणि त्यांच्या शोकाचा श्लोक झाला. या कथेत कवीची एक मोठी सोय झालेली आहे, तिच्याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. मारणारा परका आहे. ऋषीचा त्याच्याशी काही ऋणानुबंध नाही. म्हणून करुणा आणि शाप ही दोन्ही एकाच मुखातून, एकाच क्षणी निघू शकतात. पण हा निषाद आपल्याच उंबरठ्यावर झोपत असेल आणि आपल्याच हातची भाकरी खात असेल, तर त्या श्लोकाचे काय होईल?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या मागच्या दाट वस्तीत माझे बिऱ्हाड आहे आणि घरात मुधोळ जातीची कुत्री आहे. सोलापूर-सांगलीकडे याच जातीला ‘कारवान’ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेली ही जात नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करते. जे पळते त्याच्यामागे धावायचे, हीच तिची घडण. गेल्या पावसाळ्यात तिने शेजारच्या अंगणातले मांजराचे पिल्लू क्षणार्धात मारले. मी ओशाळून घरात म्हणालो, ‘हिने शिकार केली.’ शेजारची आठ वर्षांची मुलगी दारात उभी होती. ती आपल्या दख्खनी उर्दूत एवढेच म्हणाली, ‘मार डाली.’ अनुवादाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला त्या दोन क्रियापदांमधले अंतर ऐकू आले नसते, तर नवल. ‘शिकार’ या शब्दात राजे आहेत, रान आहे, पराक्रम आहे. ‘मारणे’ या शब्दात केवळ मेलेले पिल्लू आहे. त्या दिवशी मी खोटे बोललो नव्हतो; फक्त मला सोयीचा असा शब्द निवडला होता.

आपल्या वाङ्मयाने कुत्र्याच्या बाबतीत असेच सोयीचे शब्द निवडले आहेत, असे मला वाटते. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिरामागून जाणारा कुत्रा अखेर धर्म ठरतो. म्हणजे तो कुत्रा उरतच नाही. नामदेवांच्या कथेतला भाकरी पळवणारा कुत्रा विठ्ठल ठरतो. दत्तात्रेयांच्या पायांशी असलेल्या चार कुत्र्यांना आपण वेद मानतो. एकलव्याच्या कथेतला कुत्रा पांडवांच्या मृगयेत सामील झालेला आहे; परंतु बाणांनी त्याचे तोंड बंद होते ते एकलव्याचे कौशल्य सिद्ध व्हावे म्हणून. त्या तोंडाने त्या दिवशी काय धरले होते, हे कोणी विचारीत नाही. आधुनिक काळात कुत्रा विनोदाचा विषय झाला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पाळीव प्राणी’ या लेखात खरी थट्टा आहे ती मालकांची, आणि ती यथार्थही आहे. भक्त आणि विदूषक या दोन भूमिका आपण कुत्र्याला दिल्या. त्याचे दात मात्र दोन्ही भूमिकांत झाकलेलेच राहिले.

यावर कोणी म्हणेल की, प्राण्यांमधील हिंसा मराठीत निर्भयपणे आलेली आहे; व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ (१९८२) वाचा. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. वानरांच्या टोळीतील सत्ताबदल आणि त्यात होणारी पिलांची हत्या माडगूळकर ज्या अलिप्ततेने सांगतात, ती अलिप्तता हेच त्या कृतीचे सामर्थ्य आहे. मात्र तेथे निवेदक रानात पाहुणा आहे. त्याने त्या वानरांना पाळलेले नाही, त्यांच्या गळ्यात पट्टा बांधलेला नाही. जे घडते त्याचा तो साक्षीदार आहे, भागीदार नव्हे. रानातल्या हत्येला शोभणारी अलिप्तता घरातल्या हत्येला लावली, तर तिचा पळवाटेसारखा उपयोग होतो.

तुर्गेनेव्हने १८७८ साली लिहिलेल्या ‘चिमणी’ या गद्यकाव्यात हा प्रश्न घराच्या अधिक जवळ येतो. लेखक शिकारीहून परतत आहे. त्याचा कुत्रा घरट्यातून पडलेल्या पिलावर दबा धरतो. तोच वरून झेपावलेला प्रौढ पक्षी त्या अजस्र जबड्यासमोर स्वतःला झोकून देतो, आणि कुत्रा मागे सरतो. लेखक प्रेमाच्या सामर्थ्यापुढे नतमस्तक होतो. रचना निर्दोष आहे. तरीही वाचून झाल्यावर मन थोडे साशंक राहते. कुत्रा थांबला म्हणून लेखकाला आदर वाटू शकला. तो थांबला नसता तर? शिवाय शिकारीच्या पिशवीत त्या दिवशी काय होते, हे त्या सुंदर परिच्छेदात कोठेच येत नाही.

या प्रश्नाला मला आढळलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर टोमास मान यांच्या ‘हेर उंड हुंड’ (१९१९) या दीर्घकथेत आहे. म्यूनिकजवळ इझार नदीच्या काठी बाउशान नावाचा कुत्रा उंदीर उकरून खातो, सशांच्या मागे धावतो, आणि त्याचा सुसंस्कृत मालक रोज केवळ हे पाहण्यासाठी त्याच्यासोबत जातो. आपल्याला त्यात आनंद होतो, हे तो लपवीत नाही. मग एके दिवशी जिवाच्या आकांताने पळणारा ससा थेट मालकापाशीच येतो, त्याच्या अंगाला बिलगतो, आणि त्या इवल्या काळजाची धडधड त्याला जाणवल्यासारखी होते. मागून येणाऱ्या बाउशानला तो काठीचा तडाखा देतो आणि सशाला वाट मिळते. तो तडाखा ज्याला बसतो त्याचा अपराध कोणता? ज्या कृत्यासाठी मालकाने त्याला रोज तेथे आणले, तेच त्याने केले. मान येथे कुत्र्याला दोषी ठरवीत नाहीत आणि मालकाला निर्दोषही ठरवीत नाहीत. प्रेम, कौतुक, किळस आणि दया या चारही भावना एकाच माणसात, परस्परांना न पुसता, नांदतात.

येथे आपल्या काव्यशास्त्राशी एक वाद उभा राहतो. अभिनवगुप्तांनी भयानक रसाच्या विवेचनासाठी ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातले, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून पळणारे हरिण घेतले आहे. हेही शिकारीचेच दृश्य! त्यांच्या मते रसिकाला जाणवणारे भय ‘माझे’, ‘शत्रूचे’ किंवा ‘तटस्थाचे’ नसते. या संबंधांतून मुक्त झाल्यावरच ते आस्वाद्य होते. नाटकाच्या बाबतीत हा सिद्धांत मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु आत्मनिवेदनपर गद्यात ‘माझे’ हा शब्द गाळला, तर अनुभवच गळून पडतो. ते पिल्लू माझ्या कुत्रीने मारले; त्यातील षष्ठी विभक्ती हाच त्या प्रसंगाचा आशय आहे. साधारणीकरणाने ममत्व धुऊन निघते हे खरे. पण ममत्वाबरोबर जबाबदारीही धुऊन निघाली, तर त्या आस्वादाला शुद्ध म्हणावे की केवळ सुखकर, याचा विचार समीक्षेने करावयास हवा.

अशा लेखनाकडून माझी अपेक्षा मोठी नाही. त्याने कुत्र्याला देव करू नये, राक्षसही करू नये. ‘निसर्गाचा नियम’ म्हणून हात झटकू नयेत, कारण पट्टा निसर्गाने बांधलेला नाही. आणि पश्चात्तापाचे प्रदर्शनही मांडू नये, कारण त्यात मेलेल्या जीवापेक्षा लेखकच मोठा दिसू लागतो. कोणता शब्द आपण का निवडला, एवढे त्याने तपासावे.

आता माझी कुत्री दोरीविना अंगणात जात नाही. रात्री ती पूर्वीसारखीच माझ्या पायांवर डोके टेकून झोपते, आणि मी ते बाजूला सारीत नाही. वाल्मीकींना शाप देता आला. मला तो देता येत नाही. म्हणून त्या मुलीचे क्रियापद मी ठेवून घेतले आहे.