गोष्टीतली आसने आणि बाजारातले ऋतू

बालवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत योगासने गोष्टी व खेळांतून शिकवण्याची पद्धत आता रुळू लागली आहे. प्रत्येक ऋतूची एक गोष्ट रचायची. गोष्टीत झाड आले की वृक्षासन, बेडूक आला की मंडूकासन. कल्पना चांगली आहे. ‘पाठ ताठ, नजर समोर’ हा हुकूम पाच वर्षांच्या मुलाला फार वेळ पाळता येत नाही. झाड होऊन मात्र ते आनंदाने उभे राहते. कल्पना परकीही नाही. घेरंड संहितेतल्या ३२ आसनांमध्ये मंडूक, भुजंग, शलभ, मयूर, वृक्ष अशी सृष्टीतलीच नावे आढळतात. आमचा आक्षेप पद्धतीला नाही, गोष्टींतल्या मजकुराला आहे.

पहिला दोष ऋतूंचा. अशा पाठांत पुष्कळदा हिवाळ्यात बर्फ पडतो आणि ऑक्टोबरात पाने गळतात. हे वर्ष युरोप-अमेरिकेचे झाले. पुण्याच्या मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्या मुलाचा विचार करा. त्याला ऋतू कळतात ते गाळ्यांवरून: वैशाखात आंब्याच्या पेट्या, दसऱ्याला झेंडूचे ढीग, पौषात बोरे आणि हरभऱ्याच्या जुड्या. आपल्याकडची बहुतेक पानझडी झाडे पाने गाळतात ती शिशिराच्या सुमारास, आणि तीही बर्फाच्या भीतीने नव्हे. जमिनीतली ओल कमी होत जाते म्हणून. काटेसावर निष्पर्ण होते आणि मग लाल फुलांनी भरते. हिरव्यागार झाडाखाली ‘पाने गळणारे झाड’ होणारे मूल स्वतः पाहिलेले सोडून दुसऱ्याने सांगितलेले खरे मानायला शिकते. आपला ऋतू गोष्टीत बसण्यासारखा नाही, असेही त्याला वाटू लागते. एखादे आसन चुकण्यापेक्षा हा तोटा मोठा आहे.

दुसरा दोष प्राण्यांचा. श्रावणात भुजंगासन घेणे योग्यच, कारण पावसाचे पाणी बिळात शिरले की साप बाहेर दिसू लागतात. पण गोष्टीतला नाग दूध पितो आणि पुंगीच्या सुरावर डोलतो. दूध हा सापाचा आहार नाही. त्याला बाह्यकर्ण नसतात. तो डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीच्या रोखाने. खरी माहितीही तितकीच रंजक असते. बेडकाचेच पाहा. त्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. तो घशाची पिशवी खालीवर करून हवा फुप्फुसांत ढकलतो. मंडूकासनाआधी मुलांनी पोटावर हात ठेवून स्वतःचा श्वास पाहावा, मग पावसाळ्यात डबक्यातल्या बेडकाचा घसा पाहावा. फरक मुले स्वतःच सांगतील.

तिसरा दोष मोठ्यांचे माप मुलांना लावण्याचा. प्रौढ माणूस स्वस्थ असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, बालवाडीतले मूल २० ते ३०. म्हणून मोठ्यांच्या मोजणीने श्वास रोखायला लावू नये. ‘खोल श्वासाने मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळतो’ हे वाक्यही वगळावे. निरोगी मुलाच्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनने आधीच ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते. उलट जोरजोरात श्वास घेतल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते. मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, तेव्हा शीर्षासन गोष्टीतही नको.

या दोषांवर उपाय सोपा आहे. ताडासनात, हात शरीरालगत ठेवून उभे राहिलेले मूल हे एक छायायंत्रच असते. पुण्यात सूर्य मध्यावर येतो तो घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर, सुमारे पाच मिनिटांनी. २१ जून हा २०१५ पासून योगदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ढग हटले तर एक मीटर उंचीच्या मुलाची सावली जेमतेम ९ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे पडते. २२ डिसेंबरला तीच सावली उत्तरेकडे सुमारे ९० सेंटिमीटर होते. दोन्ही दिवशी खडूने रेघ मारून ठेवावी आणि ऋतूची गोष्ट त्या रेघांपासून सुरू करावी.

तयार गोष्ट हाती आली तर शिक्षकांनी एवढेच विचारावे: यातले काय माझ्या वर्गातल्या मुलांना या आठवड्यात शाळेच्या वाटेवर दिसेल? जे दिसणार नाही ते बदलावे. आसने तीच राहतील.