लाल-निळ्याची धुलाई

बीटल्सचा नवा संच बाजारात आला की त्यांचे चाहते तो आधी विकत घेतात आणि मग त्याच्यावर चिडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये '१९६२–१९६६' आणि '१९६७–१९७०' हे दोन जुने संग्रह वाढवून, नव्याने मिक्स करून आले तेव्हाही हेच झालं. मुखपृष्ठांच्या रंगांमुळे जगभर त्यांना 'लाल' आणि 'निळा' एवढंच म्हणतात. लालमधली २६ गाणी ३८ झाली, निळ्यातली २८ ची ३७. अनेकांच्या घरी बीटल्स शिरले ते मूळ अल्बममधून नव्हे, या दोन संग्रहांतून. त्यामुळे इथे हात लावणं म्हणजे लोकांच्या पहिल्या श्रवणालाच हात लावणं.

गंमत अशी की हे संग्रह काही कुणाच्या कलादृष्टीतून जन्मले नव्हते. बँड १९७० मध्ये फुटला. त्यानंतर अमेरिकेत 'अल्फा ओमेगा' नावाचा चोरटा संच चक्क टीव्हीवर जाहिराती देऊन विकला जाऊ लागला. त्याला उत्तर म्हणून व्यवस्थापक अ‍ॅलन क्लाईनच्या देखरेखीखाली एप्रिल १९७३ मध्ये हे अधिकृत दुहेरी संच निघाले. मुखपृष्ठावर लंडनमधल्या ईएमआयच्या कचेरीतला जिना, कठड्यावरून खाली बघणारे तेच चौघे, एकदा १९६३ मधले आणि एकदा १९६९ मधले. दोन्ही फोटो अँगस मॅकबीनचे. सहा वर्षांत माणसं किती बदलली हे त्या दोन फोटोंइतकं नेमकं कुठल्याच चरित्रात सापडत नाही. तेव्हाही 'मूळ' असं एकच काही नव्हतं. अमेरिकी आवृत्तीत 'हेल्प!'च्या आधी जेम्स बाँडच्या थाटाचा वाद्यतुकडा होता, ब्रिटिश आवृत्तीत नव्हता. आणि १९९३ मध्ये सीडी आल्या तेव्हा जेमतेम तासाभराचा लाल संग्रह एका सीडीत आरामात मावत असताना दोन सीडींत, दोन सीडींच्या भावात विकला गेला. ती चीड काही जुन्या चाहत्यांच्या मनातून अजून गेलेली नाही.

२०२३ च्या वादाकडे वळण्याआधी दोन कामांतला फरक ध्यानात घेतलेला बरा. रीमास्टर म्हणजे तयार मिक्सची जुनी टेप काळजीपूर्वक वाजवून, स्वर-पट्ट्यांचा तोल थोडा सावरून, खरखर कमी करून नवी प्रत काढणं. रीमिक्समध्ये त्याच्याही मागे जातात. गळा, गिटार, ड्रम ज्या वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित झाले तिथपर्यंत पोचून कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे हे सगळं पुन्हा ठरवायचं. (झंकार बीट्सची कॅसेट आठवणाऱ्यांनी घाबरू नये, इथे वरून ढोलकी चढवलेली नाही.) पहिलं काम साफसफाईचं, दुसरं निर्णयाचं. चाहत्यांची निम्मी भांडणं या दोन कामांची गल्लत झाल्यामुळे होतात.

साफसफाईचा उत्तम नमुना म्हणजे सप्टेंबर २००९ मधले रीमास्टर. अ‍ॅबी रोडच्या तंत्रज्ञांनी त्यावर चार वर्षं घालवली, आणि एकूण ५२५ मिनिटांच्या संगीतात खरखर काढण्याचं तंत्र वापरलं ते पाच मिनिटांहूनही कमी भागात. स्टिरिओ संचात आवाजाची पातळी थोडी चढवली, मोनो संचात तेवढंही केलं नाही. ज्या दशकात बहुतेक कंपन्या जुनी गाणी लिमिटरखाली दाबून, हळू आणि मोठ्या आवाजातला फरकच पुसून 'दमदार' करून विकत होत्या, त्या दशकात हा संयम उठून दिसला. म्हणून २००९ बद्दल फारसं कुणी भांडत नाही.

२०२३ चं काम दुसऱ्या जातीचं आहे. १९६३ चे बीटल्स दोन ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित झाले: एका ट्रॅकवर गळे, दुसऱ्यावर सगळी वाद्यं. निर्माता जॉर्ज मार्टिनच्या मनात तयार होत होतं ते मोनो. दोन ट्रॅक ठेवले ते तोल नीट साधता यावा म्हणून. पुढे त्याच दोन ट्रॅकना डावा-उजवा करून स्टिरिओ म्हणून विकलं गेलं. घरातल्या रेडिओग्रामवर ते खपून गेलं. इअरफोन लावून ऐका, एका कानात बँड आणि दुसऱ्या कानात जॉन लेनन. 'शी लव्ह्ज यू'ची तर मूळ ट्रॅकची टेपच उरलेली नाही, राहिलं ते फक्त मोनो. ही कोंडी सुटली ती पीटर जॅक्सनच्या 'गेट बॅक' या २०२१ च्या माहितीपटासाठी तयार झालेल्या प्रणालीमुळे. एकाच ट्रॅकवर एकजीव झालेले गिटार, ड्रम आणि गळे ती संगणकाला शिकवून शिकवून वेगळे करते. २०२२ मध्ये 'रिव्हॉल्व्हर'वर ती वापरली गेली आणि त्यानंतर जॉर्जचा मुलगा जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी लाल संग्रहातल्या सुरुवातीच्या गाण्यांकडे मोर्चा वळवला.

त्यातला फायदा नाकारणं हा निव्वळ हट्ट आहे. 'ट्विस्ट अँड शाउट' फेब्रुवारी १९६३ मधल्या एका लांबलचक दिवसाच्या शेवटी मुद्रित झालं, लेननला सर्दी झालेली, गळा फाटलेला. नव्या मिक्समध्ये तो गळा मधोमध उभा आहे आणि बँड त्याच्या भोवती. रिंगो स्टार किती चांगला ड्रमर होता यावर साठ वर्षं वाद घालणाऱ्यांना आता उत्तर ऐकू येतं. पण ज्याला हे मिक्स खटकतं त्याचेही कान पक्के आहेत. मोनोत गळा, बेस आणि ड्रम एकमेकांवर दाबून बसवले होते, आणि त्या दाबातच त्या गाण्यांची मुसंडी होती. सगळ्यांना ऐसपैस जागा दिली की मुसंडी सैल पडते. शिवाय वेगळे केलेल्या आवाजांच्या कडा काही ठिकाणी कापडाच्या उसवलेल्या टोकासारख्या दिसतात, झांजेचा शेवट विरतो तिथे तर नक्कीच.

'आय अ‍ॅम द वॉलरस'चं उदाहरण याहून अवघड. १९६७ मध्ये मोनो मिक्स चालू असताना बीबीसीवर लागलेलं 'किंग लिअर' थेट रेडिओवरून त्यात सोडलं गेलं. ते वेगळ्या ट्रॅकवर नव्हतंच, त्यामुळे जुन्या स्टिरिओत गाणं अर्ध्यावर आलं की ध्वनी अचानक अरुंद होतो. तांत्रिकदृष्ट्या हा दोष. पण कित्येक पिढ्यांनी तो गाण्याचाच भाग म्हणून ऐकला, जणू गाण्याला भोवळ येते. तो दुरुस्त करायचा का? मला विचाराल तर नाही. यंत्र तोकडं पडलं म्हणून राहिलेलं वेगळं आणि त्या रात्रीच्या योगायोगाने घडलेलं वेगळं. पहिलं खुशाल सुधारा, दुसऱ्याला हात लावू नका.

कट्टर मंडळींना मात्र एक आठवण करून द्यायला हवी. ज्या 'मूळ' आवाजासाठी ते लढतात तो कधीच बदलला गेला आहे. १९८७ मध्ये सीडी निघाल्या तेव्हा 'हेल्प!' आणि 'रबर सोल'चा जुना स्टिरिओ जॉर्ज मार्टिनला पटला नाही, म्हणून त्याने दोन्ही अल्बम स्वतः पुन्हा मिक्स केले. २००९ चा स्टिरिओ संच त्याच मिक्सवरून झाला. १९६५ चा खरा स्टिरिओ हवा असेल तर तो, गंमत म्हणजे, मोनो संचाच्या सीडींवर जादा म्हणून दिलेला आहे. बाप बदलतो तेव्हा कुणी ओरडत नाही, मुलाने हात लावला की गदारोळ. माझी खरी तक्रार बदलाबद्दल नाही. नवं आलं की जुनं दुकानातून हळूच नाहीसं होतं, त्याबद्दल आहे.

संग्रह म्हणून पाहिलं तर क्रमाचा घोळ ध्वनीपेक्षा मोठा. सीडीवर नवी गाणी कालक्रमाने जुन्यांच्या मध्ये घातली. एलपीवर त्यांच्यासाठी तिसरी तबकडी जोडली, पहिल्या दोन जशाच्या तशा. पन्नास वर्षं एक गाणं संपताना पुढच्याचा पहिला स्वर मनात आपोआप वाजत आलेल्या माणसाला सीडी ऐकताना दर थोड्या वेळाने ठेच लागते. तरी भर घालणं गरजेचंच होतं: १९७३ च्या लाल संग्रहात जॉर्ज हॅरिसनचं एकही गाणं नव्हतं. आता 'टॅक्समन' आणि 'इफ आय नीडेड समवन' आहेत. आणि '१९६७–१९७०' असं नाव मिरवणाऱ्या निळ्या संग्रहात 'नाऊ अँड देन' आहे, सत्तरच्या दशकातल्या लेननच्या कॅसेटवरून २०२३ मध्ये पुरं केलेलं. विक्री खात्याला हे नाव खटकलं नसावं. निळ्यातली बरीचशी मिक्स तर २०१७ पासूनच्या महागड्या संचांत आधीच येऊन गेलेली, म्हणजे निष्ठावंतांनी त्यांचे पैसे पुन्हा मोजले.

आपल्याकडे या शुद्धतेच्या चर्चेला एक मजेशीर पदर आहे. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या, बाकी जगाने त्या जातीच्या तबकड्यांचा नाद जवळपास सोडून दिल्यावरही. आज परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी घसघशीत रक्कम मोजतात, आणि त्या खरखरीबद्दल कुणी तक्रार करत नाही.

या वाढीव संग्रहांवरचा माझा राग मात्र मुंबईकराचा आहे. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आला, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने इथल्या वादकांकडून 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत मुद्रित करून घेतलं. बासरी तरुण हरिप्रसाद चौरसियांची. गळा पुढच्या महिन्यात लंडनला चढला आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. 'लेडी मॅडोना' निळ्या संग्रहात पहिल्यापासून आहे. मागच्या बाजूची गाणी घ्यायची नाहीत असाही नियम नाही, कारण हॅरिसनचंच 'ओल्ड ब्राऊन शू' १९७३ पासून तिथे आहे. २१ गाण्यांची भर घालताना अडीच मिनिटांच्या या गाण्यासाठी जागा निघाली नाही. उद्या कधी त्याला घेतलंच, तर त्या प्रणालीने बासरी वेगळी काढून मोकळ्या जागेत ऐकवावी, मी पहिल्याच दिवशी विकत घेईन, आणि जुनं मोनो त्याच तबकडीवर दिलेलं नसेल तर दुसऱ्या दिवशी चिडेन.