खाली कुठे गेली?

गेल्या महिन्यात पुण्यात कोरेगाव पार्कातल्या एका क्लबात, रात्री साडेअकराच्या सुमारास, डीजेच्या शेजारी एक तबलावादक उभा होता. तबला-डग्गा कंबरेइतक्या उंच स्टँडवर बसवलेले, दोन्हींच्या कडांना निळे दिवे. मी त्याच्यापासून चार हातांवर उभा राहून वीस मिनिटं ऐकलं. म्हणजे पाहिलं. बोटं पडताना दिसत होती, डग्ग्यावर मनगट सरकताना दिसत होतं, पण कानावर येत होती ती फक्त किक आणि अधूनमधून चाटेची टिकटिक. शेवटी साउंडच्या टेबलापाशी गेलो. डग्ग्याच्या माइकचा फेडर तळाला होता. किकमध्ये घोटाळा होतो म्हणून तो बंदच ठेवतो, असं तिथल्या मुलाने सरळ सांगितलं. त्या वादकाच्या डाव्या हाताने वीस मिनिटांत जे काही केलं ते कुणीही ऐकलं नव्हतं. त्याने स्वतःही नाही, कारण त्याला मॉनिटर दिलेलाच नव्हता. हा लेख त्या रात्रीतून आला आहे.

‘लाइव्ह पर्कशन’ हे शब्द आज मुंबई-पुणे-गोव्याच्या प्रत्येक क्लबाच्या जाहिरातीत आहेत. त्यातल्या डीजे-ढोल जोड्या मी बाजूला ठेवतो. वरातीचं काम त्या वरातीसारखं करतात. समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्ताला हँडपॅन घेऊन बसणाऱ्यांचं संगीत पाच मिनिटांत संपतं आणि पुढे दीड तास चालू राहतं. ऑक्टोपॅडवर आधीच भरलेले आवाज काठीने सोडणं हे वादन आहे असं मला वाटत नाही.

मला ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ते वेगळे. तबलावादक तल्विन सिंगने १९९५ मध्ये लंडनच्या हॉक्स्टन चौकातल्या ब्लू नोट क्लबात ‘अनोखा’ सुरू केलं, दर सोमवारी रात्री. १९९८ चा अल्बम ‘ओके’ आणि १९९९ चं मर्क्युरी पारितोषिक वाचकांना माहीत आहे. पण त्या यशाचं श्रेय आपण ‘पूर्व-पश्चिम मिलाफ’ असल्या शब्दांना देऊन मोकळे होतो. माझ्या मते कारण तालाच्या बांधणीत आहे. ‘अनोखा’त वाजायचं ते मुख्यतः ड्रम अँड बेस. त्याची गती मिनिटाला १७० च्या आसपास, पण खालचा बेस निम्म्या चालीने, ८५ च्या अंगाने चालतो. शिवाय किक प्रत्येक ठोक्यावर पडत नाही. ती येते, गायब होते, आडवी येते. मधे जागा राहते, आणि त्या जागेत डग्गा श्वास घेतो. वर तबल्याचा रेला १७० च्या बरोबरीने धावू शकतो, खाली डग्गा ८५ च्या संथपणाने बोलू शकतो, एकाच माणसाचे दोन हात दोन लयींत. ‘ओके’मधला पहिलाच ‘ट्रॅव्हलर’ पुन्हा ऐका. तिथे तबला सजावटीला आणलेला नाही, त्याच्यावाचून त्या रचनेचा तोल जाईल.

हाउस या नृत्यसंगीतात ही सोय नाही. तिथे किक प्रत्येक ठोक्यावर, चारही. आणि तिचा मूळ स्वर ५०-६० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्याला लागूनच. दोघे एका दारातून एकदम जायला बघतात आणि जास्त वॉटचा जिंकतो. या अडचणीतून वाट काढलेला माणूस म्हणजे व्हेनेझुएलाचा काँगावादक लुइसितो किंतेरो. न्यूयॉर्कचा डीजे लुई व्हेगा याच्याबरोबर त्याने वर्षानुवर्षं वाजवलं, २००६ मध्ये ‘पर्कशन मॅडनेस’ हा अल्बम काढला. काँगावरच्या तुंबाओ या ठेक्यात मोकळे टोले चौथ्या ठोक्यावर आणि त्यानंतरच्या अर्ध्यावर येतात, म्हणजे पहिल्या ठोक्याच्या आधीच माणूस पुढे ओढला जातो. किकशी भांडायला तो जातच नाही, तिच्या उंबरठ्यावर उभा राहून तिला आत ढकलतो. आणि व्हेगा हा साल्सा गायक हेक्टर लाव्होचा भाचा, साल्सा घरात ऐकत वाढलेला. काँगाला जागा ठेवायची असते हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर कर्ष काळे. जन्म इंग्लंडचा, वाढ न्यूयॉर्कची, हातात तबलाही आणि ड्रमसेटही. २००१ चा त्याचा अल्बम ‘रिअलाइझ’ मला आजही टवटवीत वाटतो, कारण काळे दोन्ही वाद्यं एकाच डोक्याने वाजवतो आणि कोणाला कुठे गप्प करायचं ते त्याला कळतं. बिल लासवेल आणि झाकिर हुसेन यांच्या ‘तबला बीट सायन्स’मध्ये तो होता, तल्विन होता, त्रिलोक गुर्टूही होता. लासवेलच्या बेसला डबची सवय, वाजण्याइतकीच थांबण्याचीही, म्हणून तिथे इतके हात एकत्र येऊनही गर्दी होत नाही. गुर्टूंनी पुढे २००४ मध्ये ट्रान्सवाल्या रॉबर्ट माइल्सबरोबर एक पूर्ण अल्बम केला. जमिनीवर गुडघे टेकून वाजवणारा, झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकवणारा, शोभा गुर्टूंचा हा मुलगा नृत्यसंगीताच्या माणसाबरोबर बसतो तेव्हा यंत्राला लवचीक व्हावं लागतं.

आता मला जे म्हणायचं आहे ते. आपला तबलजी क्लबात परका आहे हा समज साफ चूक आहे. एकल तबलावादनात काय असतं? हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा, तोच, पुन्हा पुन्हा, तासभर न बदलता. त्यावर पेशकार, कायदे, रेले. लेहरा म्हणजे लूपच. फिरत्या, न हलणाऱ्या सुरावटीसमोर स्वतः हलत राहायचं, सम गाठायची, सोडायची, तिहाईने पुन्हा पकडायची, याचा रियाज आमच्या माणसाने लहानपणापासून केलेला असतो. जगात या कामासाठी इतका तयार वादक दुसरा सापडणार नाही. त्यात हाउसची रचनाही चार-चार ठोक्यांच्या चार पट्ट्यांची, म्हणजे सोळा. मिनिटाला १२० च्या गतीला त्रितालाचं एक आवर्तन बरोबर ८ सेकंदांत पुरं होतं.

सगळं जुळतं, एक सोडून. क्लबाच्या तालात खाली नाही. सोळाच्या सोळा टाळ्या. त्रितालात नववी मात्रा खालीची, तिथे टाळी न देता हात हवेत जातो, दहावीपासून तेरावीपर्यंत डग्गा गप्प होतो, आणि चौदावीला तो परत येतो तेव्हा समेची ओढ लागते. आवर्तनाला आवर्तन म्हणून ओळख मिळते ती या उणेपणामुळे. सारखी किक असेल तर सोळा आणि चार यांत फरकच उरत नाही.

डीजे म्हणतील, आमच्याकडे ब्रेकडाउन असतो. असतो. किक अर्धा-पाऊण मिनिट काढून घेतात, लोक हात वर करून उभे राहतात, मग ‘ड्रॉप’. ते वाट पाहणं आहे. खाली वाट पाहायला लावत नाही, ती नाचाच्या आत असते, दर आवर्तनात येते, पाय न थांबवता. आणि किक काढली की फ्लोअर रिकामा होतो, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं त्यांच्याच ब्रेकडाउनने खोटं ठरवलं आहे.

गुरुजनांशीही माझं भांडण आहे. क्लबात वाजवून हात बिघडतो म्हणणाऱ्यांनी लग्गी कुठून आली ते आठवावं. कोठ्यावर, नाचणारीच्या पावलांवर तबला मोठा झाला. आपल्या संगीतबारीतला ढोलकीवाला डोळे नाचणारीच्या पायांवर ठेवून वाजवतो, ती थबकली की थबकतो. क्लबात यंत्राला ऐकायचे कान नाहीत, बघायचे डोळे नाहीत. डीजेच्या कानावर हेडफोन, लक्ष पुढच्या ट्रॅकवर. समोरच्या शंभर पावलांकडे बघू शकणारा तिथे एकच माणूस आहे. त्यालाच आपण दिव्यांनी मढवून त्याचा माइक बंद करतो.

किकचे हे चार ठोके मुळात आले कुठून? फिलाडेल्फियाचा ड्रमर अर्ल यंग याच्या उजव्या पायातून, १९७३ च्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ या गाण्यातून. पुढे १९८३ मध्ये रोलंडचं ९०९ हे ड्रम मशीन आलं आणि शिकागोने तो पाय यंत्रात बसवला. माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती आता जिवंत माणसाला त्या यंत्राचा नोकर करण्याला. ग्रेगरी कोलमनने १९६९ मध्ये ‘आमेन, ब्रदर’मध्ये जेमतेम ७ सेकंद ड्रम्स वाजवले. त्या तुकड्याची चिरफाड करून जंगल नावाची अख्खी शैली उभी राहिली, आणि कोलमन २००६ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. त्याचे हात सगळ्यांना हवे होते, माणूस कुणालाच नको होता. कोरेगाव पार्कातल्या त्या वादकाचं तर उलट: माणूस हवा, दिसायला, हात नकोत.

म्हणून माझं मागणं कार्यक्रम ठरवणाऱ्यांकडे आहे. वादकाचं नाव डीजेच्या नावाइतक्याच अक्षरात छापा. त्याला तासावर नको, मैफलीवर पैसे द्या. त्याला मॉनिटर द्या. डग्ग्याचा फेडर वर करा, आणि तो वर केल्यावर किकमध्ये घोटाळा झाला तर किक खाली घ्या. डीजेने वादकाबरोबर एक दुपार बसून सोळा मोजावेत. मग दर आवर्तनात नको, चार आवर्तनांतून एकदा, दहावी ते तेरावी मात्रा किक गप्प ठेवावी आणि त्या जागेत हाताला बोलू द्यावं. १२० च्या गतीला तेवढ्या मात्रा २ सेकंदांच्या होतात.