जयपूर नावाची बिअर आणि पपनसाची साल

मराठी समीक्षेची बरीचशी भाषा जिभेवरून आलेली आहे. कवितेचं आपण 'रसग्रहण' करतो, कादंबरीचा 'आस्वाद' घेतो, जाणत्या वाचकाला 'रसिक' म्हणतो आणि त्याच्या निवडीला 'अभिरुची'. रस म्हणजे काय हे सांगताना भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात दाखला दिला तोही जेवणाराचाच. मसाले, वनस्पती, गूळ असं नाना प्रकारचं एकत्र येऊन अन्नाला चव येते आणि ती चाखणारा प्रसन्न होतो, तसाच नाटक पाहणारा. आज मात्र 'रसग्रहण' म्हटलं की तोंडाला पाणी सुटत नाही, शाळेतली प्रश्नपत्रिका आठवते. शब्द राहिला, जीभ गेली.

बिअर चाखणं आणि तिच्यावर टिपण लिहिणं हा माझा छंद आहे. पोटापाण्याचं काम अनुवादाचं. हा छंद वाङ्मयीन नियतकालिकात आणायचं कारण एवढंच, की ग्लासातल्या चार घोटांवर शंभर शब्द लिहिताना समीक्षेचे मूळ प्रश्न जितके उघडे पडतात, तितके मला पुस्तकांवर लिहिताना क्वचितच दिसले. जे चाखलं ते लिहायचं, की जे चाखायला हवं असं इतरांनी ठरवलंय ते? आणि ज्याने ते चाखलेलं नाही त्याला कुठल्या शब्दांत सांगायचं?

बिअरबद्दल गंभीरपणे लिहिण्याची आजची रीत फार जुनी नाही. मायकेल जॅक्सन (गायक नव्हे, १९४२ ते २००७ या काळातला इंग्रज पत्रकार) याचं 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' १९७७ साली आलं. त्याने जगभरच्या बिअरची प्रकारांनुसार मांडणी केली आणि वाइनला मिळणारा मान बिअरला मिळवून दिला. पुढे १९८५ साली अमेरिकेत बिअर-परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी व्यवस्था उभी राहिली. तिच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०. ही गुणपत्रिका मला आवडते ती गुणांसाठी नाही, क्रमासाठी. 'एकूण परिणाम' सगळ्यात शेवटी येतो. आधी काय आहे ते सांगा, मग कसं आहे ते. आपली बरीच पुस्तक-परीक्षणं एकूण परिणामानेच सुरू होतात आणि तिथेच संपतात. 'अस्वस्थ करणारी कादंबरी' हे कळतं, पण तिच्यात नेमकं काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

दुसरी शिस्त प्रकाराची. परीक्षक बिअर जोखतो ती तिच्या प्रकाराच्या अपेक्षांसमोर. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास हा गुण, तोच दुसऱ्या एखाद्या प्रकारात दोष. पोवाड्यात भावगीत शोधू नये, इतकंच हे साधं आहे. ते पाळायला मात्र वाचन लागतं, म्हणजे इथे पुष्कळ चाखणं लागतं.

अडचण यापुढे येते. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या मॉर्टेन माइलगार्ड या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बिअरच्या चवींचं चक्र तयार केलं. हेतू हा, की सगळ्यांनी एका वासाला एकच नाव द्यावं. कारखान्यासाठी ही सोय उत्तम. पण नावं ज्या वस्तूंवरून येतात त्या सगळीकडे नसतात. बिअरला ऊन लागलं की प्रकाशाने हॉप्समधली द्रव्यं मोडतात आणि एक उग्र गंधकी वास येतो. इंग्रजीत त्याला स्कंकचा वास म्हणतात. स्कंक हा अमेरिका खंडातला प्राणी. आपल्याकडे तो नाही, आणि त्याचा फवारा अंगावर घेतलेला मराठी वाचक मला अजून भेटलेला नाही. तरीही भारतात लिहिलेल्या टिपणांत हा स्कंक सर्रास हिंडत असतो. मी माझ्या वहीत 'ऊन लागलेली' असं लिहिते. माणसाला ऊन लागतं तसं बिअरलाही लागतं. कारणही कळतं, अवस्थाही कळते.

असंच ग्रेपफ्रूटचं. अमेरिकी हॉप्स घातलेल्या बिअरवरचं टिपण या फळाशिवाय पुरं होत नाही. आपल्याकडे ते महागड्या दुकानांत मिळतं, पण आठवणीत नसतं. आठवणीत असतं पपनस. भाद्रपदात गणपतीच्या सुमारास बाजारात येणारं, जाड सालीचं, आत पांढरा कापूस असलेलं. आणि गंमत अशी, की ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्रं यांचाच संकर. तो अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर पहिल्यांदा नोंदला गेला. म्हणजे 'पपनस' लिहिणं ही तडजोड नाही, ती मूळ घराण्याकडे केलेली वाटचाल आहे. त्यातही नेमकेपणा हवा. हॉप्सचा तो वास फोडीचा नसतो, सालीचा असतो. साल सोलल्यावर नखात राहतो तो.

हे सगळं मी जयपूरच्या चारदीवारीत राहून लिहिते, आणि त्याचा या विषयाशी संबंध आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात थॉर्नब्रिज नावाचा बिअर-कारखाना आहे. २००५ साली त्याने एक इंडिया पेल एल बाजारात आणली. तिचं नाव 'जयपूर'. मद्यार्क ५.९ टक्के. इंग्लंडमधल्या नव्या क्राफ्ट बिअरच्या लाटेत तिचं नाव आदराने घेतलं जातं. ती घडवणाऱ्यांपैकी मार्टिन डिकी याने पुढे 'ब्रूडॉग' या कंपनीच्या स्थापनेत भाग घेतला. एका मैत्रिणीने तिकडून येताना या जयपूरचे दोन कॅन आणले आणि आम्ही चौघांनी ते किशनपोल बाजारामागच्या एका गच्चीवर उघडले.

नाव जयपूर. प्रकारात 'इंडिया'. बनली डर्बीशरला. कडूपणा चिनूक आणि सेंटेनिअल अशा अमेरिकी हॉप्सचा. फळाचा भास बार्बाडोसच्या संकराचा. यात जयपूर कुठे आहे, हा प्रश्न विचारण्याआधी 'इंडिया' कुठे आहे ते पाहावं लागतं. इंडिया पेल एल खास या समुद्रप्रवासासाठी शोधली गेली अशी कथा आजही कॅनच्या पाठीवर छापलेली सापडते. प्रत्यक्षात उष्ण देशांना पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत हे आधीपासून माहीत होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी पूर्व लंडनमधल्या बो इथला हॉजसन फिकट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर देई. ते ती कलकत्त्याला, मुंबईला आणून कंपनीच्या गोऱ्या नोकरदारांना विकत. १८२०च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने आणि बासने तिची बरोबरी केली. नाव रुळलं ते त्यानंतर. म्हणजे या नावातला 'इंडिया' चवीचा नाही, पत्त्याचा आहे. खोक्यावर लिहिलेलं गाव.

चारदीवारीत राहणाऱ्याला याचं नवल वाटत नाही. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेलं, विद्याधर भट्टाचार्यांच्या आराखड्यावर उभं राहिलेलं हे शहर जगाला 'गुलाबी' म्हणून माहीत आहे. १८७६ मध्ये वेल्सच्या युवराजाच्या भेटीसाठी ते रंगवलं गेलं असं सांगतात. इथल्या भिंतींकडे दुपारी नीट पाहिलं, तर रंग गुलाबी नाही, गेरूचा आहे. तरी रोज शेकडो माणसं येतात, गेरू पाहतात आणि गुलाबी लिहून जातात. लेबल डोळ्यावर मात करतं ते असं. चाखणाऱ्याच्या जिभेचंही तेच होतं. 'जयपूर' वाचून एका टिपणात कुणी मसाले शोधले, तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्या बिअरमध्ये मसाला नाही.

आमच्या चौघांत एक जण जौहरी बाजारातला रत्नपारखी आहे. बिअरच्या परिभाषेचा त्याला गंध नाही. त्याने ग्लास उजेडात धरला आणि म्हणाला, "पानी अच्छा है।" पन्न्याच्या तेजाला आणि स्वच्छतेला त्यांच्या धंद्यात 'पानी' म्हणतात. मग घोट घेऊन थोडं थांबला. "करेला नहीं है, मेथीदाना है। बाद में आता है।" त्या संध्याकाळचं उत्तम वाक्य हेच होतं. कडूपणा मोजायचं बिअरवाल्यांचं एक माप आहे. हॉप्समधून उतरलेली कडू आम्लं लिटरमागे साधारण किती मिलिग्रॅम, तो आकडा. तो किती कडू ते सांगतो, कसं कडू ते सांगत नाही. आपल्याकडे ते सांगायची सोय भरपूर आहे. कारलं लागलीच कडू लागतं, मेथीदाणा मागाहून. किराईत घशात उतरून बसतं. पाडव्याला गुळाबरोबर खाल्लेला कडुनिंब गोडाच्या आडून येतो. वर्षाची सुरुवात कडू घासाने करणाऱ्या समाजाला कडूपणासाठी शब्द उसने आणायची वेळ येऊ नये.

अनुवादकाने मात्र इथे जपून चालावं. संस्कृतातल्या सहा रसांत 'कटु' म्हणजे मिरीसारखं तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठी 'कडू' आणि हिंदी 'कड़वा' हे शब्द 'कटु'वरून आले आणि अर्थ बदलून बसले. बंगालीतला 'तेतो' मात्र 'तिक्त'शी इमान राखून आहे. शब्द जिभेवरून जिभेवर जाताना चव बदलतो याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. म्हणून 'परंपरेत सगळं आहेच' असं म्हणून सुटका होत नाही. प्रत्येक शब्द पुन्हा चाखून घ्यावा लागतो.

दारूच्या बाबतीत मराठीची आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे तिच्या परिणामांची भाषा मोठी, चवीची लहान. 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. सुधाकराचा नाश आपल्याला पाठ आहे, पण त्या प्याल्याची चव आपल्या आठवणीत नाही. नाटकाला तिची गरजही नव्हती. कायद्याच्या भाषेत पिणारा अजूनही परवान्याचा धनी आहे. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात लागू आहे आणि पिण्यासाठी परवाना लागतो. हे दुःख आणि हे कायदे खोटे नाहीत. चवीबद्दल लिहिणाऱ्याने ते विसरू नये. पण चवीची भाषा मराठीत नव्हतीच असं नाही, ती वेगळ्या तोंडी होती. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग बघा. भट्टीतून आधी उतरणारी आणि मागून उतरणारी यांतला फरक जाणणाऱ्याने तो घडवला. गोव्यात काजूच्या एकदा गाळलेल्या दारूला हुर्राक म्हणतात आणि पुन्हा गाळलेलीला फेणी. मोह, ताडी, माडी करणाऱ्यांची पारख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिला आपण समीक्षा म्हटलं नाही, कारण ती करणारे लेखक नव्हते.

इथे माझ्या पद्धतीवरचा खरा आक्षेप येतो. गव्हाच्या बिअरमधल्या केळ्याला मी 'शिकरण' म्हणते. त्यात 'कुठलं केळं' आणि 'किती पिकलेलं' हे दोन्ही येतं. काळ्या स्टाउटला 'खरपूस' म्हणते, तांबूस माल्टला 'खमंग'. या शब्दांना इंग्रजीत जोड नाही. पण शिकरण हे कुणाच्या घरचं? अनुवादात परकं ते घरगुती करून टाकण्याचा एक मोह असतो आणि 'घर' म्हणजे बहुधा अनुवादकाचंच घर निघतं. पुण्यातल्या एका स्वयंपाकघराला मराठी जीभ म्हणून मिरवलं, तर स्कंक काय वाईट होता? याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. शब्दकोश एकटीने करू नये. चार स्वयंपाकघरांतून आलेली चार टिपणं शेजारी ठेवावीत आणि त्यांतली भांडणं मिटवू नयेत. रत्नपारख्याचं 'पानी' माझ्या वहीत तसंच लिहिलेलं आहे.

महाराष्ट्रात याला आता वावही आहे. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाली, तिथून देशात लहान बिअर-भट्ट्यांचं युग सुरू झालं असं मानतात. पुण्याच्याच 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ने मीठ-कोकम घातलेली बिअर केली. बनवणारे आपल्या फळांपर्यंत पोचले आहेत. लिहिणारे अजून परक्या फळांत आहेत. कोकमाला क्रॅनबेरीची उपमा देऊन ते मराठी माणसाला समजावण्याची वेळ आली, तर चूक कोकमाची नसेल.

आता त्या 'जयपूर'वरचं माझं टिपण. रंग फिकट सोनेरी, पानी स्वच्छ. वास पपनसाची साल नखाने खरवडल्यासारखा, मागे थोडा मध. पहिल्या घोटाला भाजल्या पावाच्या कडेचा गोडवा, तो लगेच ओसरतो. मग मेथीदाणा, सावकाश, जिभेच्या मुळाशी. शेवट कोरडा, किंचित तुरट, कच्च्या सुपारीइतका नाही. आपल्या प्रकारात उत्तम. जयपूरशी नातं फक्त नावाचं, आणि तिला त्या नात्याची गरजही नाही.

हे टिपण बरोबर आहे असा माझा दावा नाही. वाचणाऱ्याला त्याच्याशी भांडता यावं, एवढाच आहे. 'पपनस नव्हे, ईडलिंबू' असं कुणी म्हणालं, तर आम्ही दोघं एकाच ग्लासाबद्दल बोलतोय हे नक्की होतं. 'रसग्रहण' या शब्दात जीभ परत आणायची, तर सुरुवात अशा भांडणापासून करावी. पुस्तकांबाबतही.