वर्तुळाबाहेरचा गोसावी

पंचवटीत, हिरावाडीतल्या एका फ्लॅटमध्ये, दर रविवारी संध्याकाळी आम्ही पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचो. डायनिंग टेबलावर चौकटींचा कागद, चिवड्याची परात, वीस बाजूंचे फासे आणि मधोमध ‘प्लेयर्स हँडबुक’ची 2014ची आवृत्ती. मी डंजन मास्टर, म्हणजे डीएम. गोष्ट मी सांगायची, राक्षस मी चालवायचे आणि अडलं की निकालही मीच द्यायचा.

हा खेळ कधी खेळला नसाल तर एवढंच पुरे : प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो. ते काय करू पाहतं हे तो बोलून सांगतो, आणि जमेल की नाही याची शंका असेल तेव्हा फासे पडतात. बाकी सगळं बोलणंच. म्हणूनच यात भांडणं होतात. बुद्धिबळात उंट तिरका जातो की नाही यावर कोणी वाद घालत नाही. इथे मात्र एका शब्दावरून अर्धा तास जातो. आमचा गेला, आणि त्यात आमची एक खेळाडू गेली. तेव्हापासून मी हे पुस्तक खेळाडू म्हणून नव्हे, तर वाचक म्हणून वाचतोय. त्या वाचनातून आलेली ही तक्रार आहे. थोडी पुस्तकाबद्दल, बरीचशी स्वतःबद्दल.

पंचवटीत राहून तो प्रसंग न सुचणं अवघड होतं. आमच्या गोष्टीत एक धर्मोपदेशक होता. त्याने ‘मॅजिक सर्कल’ हा मंत्र टाकून जमिनीवर वर्तुळ आखलं आणि तो मदत आणायला गेला. आत थांबली आमची सगळ्यात नवी खेळाडू, म्हणजे तिचं पात्र, सोबत एक जखमी पोरगा. मंत्र तासभर टिकतो. सैतानी जीव त्या वर्तुळात आपणहून पाऊल टाकू शकत नाही. आणि नियमात पुढे असंही आहे की आत असलेल्याला तो ‘चार्म’ करू शकत नाही, घाबरवू शकत नाही, त्याच्या अंगात शिरू शकत नाही. मी एक सैतान गोसाव्याच्या वेशात वर्तुळाबाहेर उभा केला. त्याने भिक्षा मागितली.

गोसावी खोटं बोलतोय हे तिला कळतं का, यासाठी फासा टाकायला सांगितला. चार पडले. मी म्हणालो, “तुला तो खरा वाटतो. तू भिक्षा घेऊन बाहेर पाऊल टाकतेस.”

“थांब,” ती म्हणाली. “वर्तुळात भुरळ पडत नाही ना?”

इथे आमची मराठी आडवी आली. पुस्तक इंग्रजीत, खेळ मराठीत. ‘चार्म्ड’ला आम्ही पहिल्या दिवसापासून ‘भुरळ’ म्हणत होतो. पण पुस्तकात ‘चार्म्ड’ ही ठरलेली अवस्था आहे : ज्याने भुरळ घातली त्याच्यावर तुम्ही हल्ला करू शकत नाही, आणि तुमच्याशी बोलताना त्याचं पारडं जड राहतं. नुसतं गोड बोलून फसवणं त्यात येत नाही, त्याचं खातं वेगळं. मराठीत मात्र भुरळ जादूनेही पडते आणि गोड बोलण्यानेही. तिने मराठी शब्द मराठीसारखा वाचला. तिचं काय चुकलं?

मी म्हणालो, “चार्म्ड वेगळं. बुकात असंच आहे.” सगळ्यांनी मोबाइल काढले. दोघं तिच्या बाजूने, एक माझ्या. वीस मिनिटांनी मीच बरोबर ठरलो. ती म्हणाली, “ठीक आहे,” आणि पात्र बाहेर गेलं. सैतानाने ते मारलं. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आता पुस्तकाकडे वळू. पाचव्या आवृत्तीच्या लेखनशैलीचं कौतुक होतं ते तिच्या साध्या भाषेसाठी. चौथ्या आवृत्तीत नियम जवळजवळ यंत्राच्या माहितीपत्रकासारखे होते, ठसठशीत पारिभाषिक शब्दांनी बांधलेले. पाचवीने बोली वाक्यरचना घेतली. वाचायला सुंदर, नव्या माणसाला घाबरवत नाही. पण त्या साधेपणात पारिभाषिक शब्द रोजच्या कपड्यांत फिरतात, आणि कुठला शब्द साधा, कुठला शास्त्राचा, हे चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. मूळ इंग्रजीतही ‘मेली वेपन अटॅक’ आणि ‘मेली वेपनने केलेला अटॅक’ यांतल्या फरकावरून लोक वर्षानुवर्षं झगडले आहेत. 2024च्या सुधारित आवृत्तीत शेवटी नियमांचा वेगळा शब्दकोश जोडावा लागला, ही त्या शैलीने स्वतःच दिलेली कबुली आहे.

अडलं तर काय करायचं, यावर पुस्तकाची दोन उत्तरं आहेत. पहिलं : विशेष नियम सामान्य नियमाला मागे टाकतो. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना हे ‘उत्सर्ग’ आणि ‘अपवाद’ म्हणून ओळखीचं वाटेल. दुसरं : शेवटचा शब्द डीएमचा. खेळाचे मालक नियम नाहीत, डीएम आहे, असाच ‘डंजन मास्टर्स गाइड’चा सूर आहे.

हे दुसरं उत्तर या खेळाच्या रक्तातच आहे. 1824मध्ये प्रशियाच्या सैन्यात युद्धाचा एक खेळ रुजला, क्रीगश्पील. त्यात तक्ते आणि फासे इतके की एक लढाई संपेना. 1876मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सुचवलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. नियम की पंच, हा वाद तिथपासूनचा. 1974मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं ते याच युद्धखेळांच्या घरातून. पाच वर्षांत लोकांच्या शंका इतक्या साठल्या की ‘द ड्रॅगन’ मासिकात ‘सेज अॅडव्हाइस’ हे शंकानिरसनाचं सदर सुरू झालं. पुढे जेरेमी क्रॉफर्ड यांच्या काळात त्याच नावाखाली उत्तर देण्याच्या तीन वाटा सांगितल्या गेल्या : नियमात लिहिलंय काय, लिहिणाऱ्याला अभिप्रेत काय, आणि टेबलावर मजा कशाने येईल. शब्द, हेतू, रंजन.

मी या तिन्ही वाटा वापरून पाहिल्या. शब्दाने मी बरोबर होतो. हेतूनेही बहुधा बरोबरच, कारण मंत्र जादूपासून वाचवतो, भोळेपणापासून नाही. मजेचं म्हणाल तर बाकी तिघांना प्रसंग आवडला होता. तीन कसोट्या, तिन्ही पास. आणि तरी माझा निकाल चूक होता.

कुठे चूक होता, ते मला काही आठवड्यांनी सीता गुंफेसमोरच्या गर्दीत उभं असताना लक्षात आलं. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना तिथे न्यावंच लागतं. आकडे लावलेले वड, चिंचोळी रांग, आणि रांगेत कोणीतरी लहान मुलाला सांगत असतं : सीतेने रेषा ओलांडली म्हणून रावणाने तिला नेलं.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात ही रेषाच नाही. लक्ष्मण सीतेच्या कठोर बोलण्याने दुखावून, वनदेवतांवर तिचं रक्षण सोपवून निघून जातो. रावण परिव्राजकाच्या वेशात येतो. सीता त्याला आसन देते, पाणी देते, आपली ओळख सांगते. का? दारात आलेला ब्राह्मण अतिथी आहे, उत्तर दिलं नाही तर शाप देईल, असा विचार ती करते. तो विचार मूळ कथेत नोंदलेला आहे. रेषा नंतरच्या रामायणांनी आणली. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’तही हरणाच्या प्रसंगात ती दिसत नाही, तिचा उल्लेख येतो पुढे लंकाकांडात, मंदोदरीच्या तोंडी.

खेळाच्या भाषेत, रेषा हा नंतरच्या टेबलांनी जोडलेला घरचा नियम आहे. तो इतका लोकप्रिय झाला की मूळ पुस्तकात आहे असंच सगळे धरून चालतात. आणि त्याने गोष्टीचं काय केलं पाहा. रेषेआधी प्रश्न होता : सीतेने कशाचा विचार केला? अतिथीचा मान, शापाची भीती, एकटेपण, हे सगळं तोलून तिने काय ठरवलं? रेषेनंतर प्रश्न उरला : ओलांडली की नाही? तोललेला निर्णय गेला आणि जागी उल्लंघन आलं. रावण मात्र दोन्ही आवृत्त्यांत तोच राहतो, नियमांचा वकील. आतिथ्याचा नियम हातात धरून तो बाकी सगळे नियम मोडतो. प्रत्येक टेबलावर असा एखादा खेळाडू असतो. आमच्या टेबलावर तो मी होतो.

कारण फासा काय सांगत होता? चार पडले, म्हणजे तिच्या पात्राला गोसावी खोटा वाटला नाही. बस. खरा वाटला म्हणून ती बाहेर जाईल, हे फाशाने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. पात्र काय करेल हे खेळाडूचं काम. तेवढंच तर तिच्या हातात असतं, बाकी सगळं जग डीएमचं. ती आतूनच भिक्षा फेकू शकली असती. जखमी पोराला सोडून येत नाही म्हणाली असती. किंवा सगळं तोलून खरंच बाहेर गेली असती, आणि मग ते मरण तिचं झालं असतं. वीस मिनिटं आम्ही ‘चार्म्ड’चा अर्थ शोधत होतो. ती त्या शब्दाआडून जे विचारत होती, तिचं पाऊल मी का टाकलं, ते कोणी शोधलंच नाही.

मग तिने सरळ तसं का विचारलं नाही? इथे मला ‘युगान्त’मधला द्रौपदीवरचा लेख आठवतो. द्यूतसभेत द्रौपदी विचारते : युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल तर मला पणाला लावायचा अधिकार त्याला उरला होता का? आपल्या वाङ्मयातली नियमांबद्दलची ही सगळ्यात भयंकर शंका. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणतो आणि निकाल देत नाही. इरावती कर्वे यांना हा प्रश्नच चूक वाटतो. अशा वेळी कायद्याचा कीस काढण्यापेक्षा तिने क्षत्रियांच्या सभ्यतेला हाक घालायला हवी होती, असा त्यांचा रोख आहे. कर्वे यांचं वाचन धारदार आहे, पण इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्याच्या हातात सत्ता नाही, त्याला ‘हे मला बरं वाटत नाही’ म्हणायची सोय नसते. ते म्हटलं की सभा हसते. नियमाची भाषा बोललं तर निदान उत्तर द्यावं लागतं. आमच्या टेबलावर पणाला काही लागलेलं नव्हतं, मेलं ते कागदावरचं पात्र होतं. पण आकार तोच : चार जुने खेळाडू, एक नवी, आणि तिच्याकडे बोलायला एकच भाषा, पुस्तकाची. तीही मी हिसकावली, ‘बुकात असंच आहे’ म्हणून.

माझी पुस्तकाबद्दलची खरी तक्रार ही आहे. पटकन ठरवा, खेळ थांबवू नका, नंतर बघा, हा सल्ला रास्त आहे. डीएमला अधिकार देतानाही पुस्तक उदार आहे. पण निकाल चुकला हे नंतर कळलं तर तो कसा मागे घ्यायचा, कोणाला काय सांगायचं, यावर ते फार कमी बोलतं. मर्जी आणि निकाल यांत फरक एकच असतो : निकालाला मोठ्याने सांगितलेलं कारण असतं, आणि तेच कारण पुढच्या वेळी सांगणाऱ्यालाही बांधतं. सैतानाच्या गोड बोलण्याने तिचं पाऊल हलत असेल, तर उद्या तिच्या गोड बोलण्याने माझा राजाही सिंहासनावरून उठला पाहिजे. हे तेव्हा मोठ्याने म्हणावं लागलं असतं, तर मी तो निकाल दिलाच नसता.

आणि कारण सांगितलेलं असेल तर दोन वेगळे निकालही सुखाने नांदतात. घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहा. काही महिन्यांत एकाच पक्षाची एकादशी दोन दिवशी छापलेली असते, एक स्मार्त, एक भागवत. दशमी पहाटे कुठवर रेंगाळली, यावरून ठरणारा फरक. शास्त्र एक, निकाल दोन, आणि कारण माहीत असल्यामुळे कोणी कोणाच्या साबुदाण्यावर हरकत घेत नाही.

आता आमच्या टेबलावर दोनशे पानी वही असते. तारीख, प्रश्न, निकाल, कारण, आणि कोणाचा विरोध होता त्याचं नाव. निकाल फिरवला तर जुना खोडायचा नाही, खाली नवा लिहायचा. पहिल्या पानावर तिचा प्रश्न आहे, त्याखाली माझा निकाल, आणि त्याखाली, दोन महिन्यांनंतरच्या तारखेने, ‘चूक’ आणि चार ओळींचं कारण. त्या पानाचा फोटो काढून मी तिला पाठवला. तिने उत्तर दिलं, “हे तेव्हा सांगायचं ना.” ती आता पुण्यात खेळते. तिथल्या टेबलावर डीएम तीच आहे, असं कळलं.