‘आपला संदेश पोहोचला आहे’ : एका वाक्याची तपासणी

पीएचडीला प्रवेश घेतलात की कधी ना कधी तुमच्या गळ्यात एक वेबसाइट पडणार. प्रयोगशाळेची, विभागाच्या परिषदेची किंवा तुमच्याच सर्वेक्षणाची. ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं, तूच बघ,’ एवढ्यावर काम तुमच्याकडे येतं. कोर्सवर्कमध्ये हे कुणी शिकवत नाही, म्हणून तुम्ही ‘पाच मिनिटांत कॉन्टॅक्ट फॉर्म’ असा एखादा धडा शोधता, त्यातला कोड उचलता, त्यात स्वतःचा ईमेल पत्ता घालता. नाव, ईमेल, संदेश असे तीन रकाने आणि खाली ‘पाठवा’ बटण. ते दाबलं की हिरव्या पट्टीत उमटतं : ‘धन्यवाद! आपला संदेश आमच्यापर्यंत पोहोचला आहे.’

असे धडे मी गेल्या दोन वर्षांत बरेच वाचलेत. आज टीका करायची आहे ती त्यांच्या या शेवटच्या वाक्यावर. कारण ज्या प्रोग्राममधून हे वाक्य बाहेर पडतं, त्याला ते खरं आहे की नाही हे कळायची सोयच नसते.

टपालाच्या बाबतीत आपण पाठवणं आणि पोहोचणं यांत कधी घोटाळा करत नाही. पेटीत पत्र टाकून आलेला माणूस ‘पत्र टाकलं’ एवढंच म्हणतो. ‘पोहोचलं’ म्हणायला त्याला पोचपावती लागते. फॉर्मच्या धड्यात मात्र पत्र पेटीत पडता पडताच पोचपावती फाडून हातात दिली जाते.

आत काय होतं ते बघू. पीएचपी या भाषेत ‘मेल’ नावाचं एक फंक्शन आहे आणि सगळा धडा त्याच्याभोवती फिरतो. फंक्शनने ‘ट्रू’ दिलं तर हिरवी पट्टी, ‘फॉल्स’ दिलं तर लाल. लिनक्स सर्व्हरवर हे फंक्शन तुमचा मजकूर त्याच मशीनवरच्या सेंडमेल किंवा तशाच एखाद्या प्रोग्रामच्या हवाली करतं. त्याने ‘घेतला’ म्हटलं की ‘ट्रू’. मेल अजून मशीनच्या बाहेरही पडलेला नसतो. तिथून पुढे तो एसएमटीपीने समोरच्या सर्व्हरकडे जातो. समोरच्याने २५० हा आकडा परत पाठवला तर मेल स्वीकारला. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, नंतर ये’. ५ ने सुरू होणारा म्हणजे साफ नकार. ‘नंतर ये’ ऐकलेला सर्व्हर पुन्हा पुन्हा दार वाजवतो. एसएमटीपीचं २००८ चं मानक, आरएफसी ५३२१, सांगतं की हे प्रयत्न साधारण चार-पाच दिवस तरी सोडू नयेत. म्हणजे हिरवी पट्टी सोमवारी दिसली तरी नकार शनिवारी येऊ शकतो. आणि तो येतो कुणाकडे? लिफाफ्यावरच्या प्रेषकाकडे. स्वस्तातल्या होस्टिंगवर बऱ्याचदा हा प्रेषक म्हणजे वेब सर्व्हरचंच एक खातं असतं. ते उघडून बघायला कुणी जात नाही.

गंमत म्हणजे पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये याच फंक्शनच्या पानावर इशारा दिलेला आहे की, मेल पुढे पाठवण्यासाठी स्वीकारला गेला म्हणजे तो ठिकाणावर पोहोचेलच असं समजू नका. धडे लिहिणारे कोड तिथून घेतात आणि इशारा तिथेच ठेवतात.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महागात पडली. जुन्या धड्यांत मेलच्या ‘फ्रॉम’मध्ये फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता घातलेला असतो. सोयीचं वाटतं, ‘रिप्लाय’ दाबलं की उत्तर थेट त्याला. पण याहूचा पत्ता असलेल्या माणसाच्या नावाने हा मेल प्रत्यक्षात पाठवतंय कोण? तुमच्या होस्टिंगचा सर्व्हर. याहूच्या लेखी हा सरळसरळ तोतया. आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे डोमेनने डीएनएसमध्ये जाहीर करायची पद्धत म्हणजे एसपीएफ. मेलवर डिजिटल सही करायची पद्धत म्हणजे डीकिम. आणि ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी या दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर त्या मेलचं काय करावं, हे सांगणारं धोरण म्हणजे डीमार्क. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपलं धोरण ‘रिजेक्ट’ केलं, पाठोपाठ एओएलनेही. तेव्हापासून डीमार्क तपासणारे मेल सर्व्हर असे तोतये मेल दारातूनच परत लावतात. फॉर्मची पट्टी मात्र हिरवीच राहते.

माझं काम विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर आहे. नमुने घेऊ देणारे विहीरमालक मिळावेत म्हणून मी असाच एक फॉर्म केला होता, उचललेल्या कोडवर. पहिल्या तीन आठवड्यांत थोडेच मेल आले, तेही बहुतेक तरुण शेतकऱ्यांचे. मी गाइडना सांगूनही टाकलं की वयस्कर लोकांना या विषयात रस दिसत नाही. वहीत त्याची कारणमीमांसा लिहिली होती, चांगली अर्धं पान! मग विभागाच्या फोनवर एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. ‘ताई, मी दोनदा फॉर्म भरला. दोन्ही वेळा तुमच्या वेबसाइटनं पोहोचला म्हणून सांगितलं. तुम्ही येणार म्हणून विहिरीच्या पायऱ्यांवरची झुडपं काढून ठेवली, आणि तुम्ही आलाच नाहीत.’ त्यांचा पत्ता याहूचा होता, सायबर कॅफेच्या दिवसांत मुलाने काढून दिलेला.

सर्व्हरचा लॉग मागवला. त्यात ५५० या आकड्याच्या ओळी होत्या, पुढे कारण : याहूच्या नावाने आलेला अप्रमाणित मेल, डोमेनच्या धोरणामुळे नाकारला. किती नाकारले ते मोजता आलं, कुणाचे ते कळलं नाही. लॉगही शेवटच्या आठवड्याचाच शिल्लक होता. फॉर्ममधला मजकूर मी दुसरीकडे कुठेच साठवत नव्हते, कारण धड्यात तसं काही लिहिलेलंच नव्हतं.

संशोधनाकडे येणाऱ्यांनी थांबून बघायची जागा ही आहे. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात गहाळ माहितीवर निबंध लिहिला. त्यातला कळीचा प्रश्न असा की, माहिती कोणत्या प्रक्रियेने गहाळ झाली आणि ती प्रक्रिया दुर्लक्षित करून चालेल का? माझे मेल निव्वळ योगायोगाने गळाले असते तर नमुना फक्त लहान झाला असता. इथे गळती पत्त्याच्या डोमेनवर ठरत होती. जुना याहूचा पत्ता वयस्कर माणसाकडे असण्याची शक्यता जास्त. माझ्या भागात वयस्कर मालकांकडे जुन्या उथळ विहिरी, तरुणांकडे बोअरवेल. आणि शेतातल्या खताचं नायट्रेट उथळ विहिरीत लवकर झिरपतं. म्हणजे जे मोजायला मी निघाले होते, नेमक्या त्याच गोष्टीशी बांधलेली गळती! तीही एका ‘फ्रॉम’च्या ओळीमुळे. सांख्यिकीच्या पेपरात मी या प्रश्नाचं उत्तर व्यवस्थित लिहून आले होते, हेही सांगून टाकते.

चाचणीच्या सल्ल्याबद्दलही बोलायला हवं. ‘स्वतःचा पत्ता घालून एकदा पाठवून बघा, आला की झालं,’ असं धड्यांत असतं. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढलेला शोधनिबंध तुम्ही स्वीकाराल का? शिवाय आपण ही चाचणी बहुधा संस्थेच्याच पत्त्यावरून संस्थेच्याच पत्त्यावर करतो, आणि वेबसाइटही त्याच सर्व्हरवर असली तर तो मेल बाहेरच्या रस्त्यावर पाऊलही टाकत नाही. त्या वाटेवर तपासणी नाहीच, मग अडवणार कोण?

या धड्यांचं मूळ घराणंही सांगण्यासारखं आहे. मॅट राइट यांची १९९५ ची ‘फॉर्ममेल’ ही पर्लमधली स्क्रिप्ट एके काळी घरोघरी होती. तिच्यात मेल कुणाला जाणार तो पत्ता फॉर्मच्याच एका लपलेल्या रकान्यात असे. तो बदलला की तुमच्या सर्व्हरवरून जगात कुणालाही मेल, आणि स्पॅमवाल्यांनी ही सोय मनसोक्त वापरली. नंतरच्या धड्यांनी पत्ता कोडमध्ये हलवला, पण नावाच्या रकान्यात नवी ओळ घुसवून पुढे ‘बीसीसी’ जोडता येतं याकडे अनेकांचं लक्षच गेलं नाही. ‘भरणाऱ्यालाही प्रत पाठवा’ ही सूचना आजही दिसते. मी ती पाळणार नाही. कुणीही तिसऱ्याचाच पत्ता घालून तुमच्या नावाने त्याला हवा तो मजकूर धाडू शकतो.

मग करायचं काय? बटण दाबल्यावर सर्वांत आधी मजकूर डेटाबेसमध्ये लिहा, मेल त्यानंतर. ‘फ्रॉम’मध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता, ‘रिप्लाय-टू’मध्ये भरणाऱ्याचा. ‘मेल’ फंक्शनऐवजी खातं आणि पासवर्ड देऊन ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून एसएमटीपीने पाठवा. जीमेल खातं वापरणार असाल तर ‘लेस सिक्युअर अॅप्स’ची खिडकी उघडा असं सांगणारे धडे सोडून द्या, वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ती मे २०२२ अखेर बंद केली, आता दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून अॅप पासवर्ड घ्यावा लागतो. डोमेनचं एसपीएफ आणि डीकिम लावायला तुमच्या संस्थेच्या संगणक केंद्राकडे जावं लागेल, आणि त्यात दिवस जातील. आधीच अर्ज द्या.

वर्डप्रेस असेल तर ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे प्लगइन ‘फ्रॉम’मध्ये परक्या डोमेनचा पत्ता दिसला की स्वतःहून टोकतं. ही चांगली गोष्ट. पण ते एकटं संदेश साठवत नाही. त्यासाठी त्याच विकासकाचं ‘फ्लेमिंगो’ हे दुसरं प्लगइन वेगळं बसवावं लागतं. माझ्या मते साठवणं हेच मूळ काम आहे आणि ते ऐच्छिक ठेवणं चूक आहे. या बाबतीत दिसायला रटाळ असलेला गूगल फॉर्म जास्त प्रामाणिक वाटतो. उत्तर आधी नोंदलं जातं, मेलची सूचना तुम्ही मागितली तरच. ‘आपला प्रतिसाद नोंदवला गेला आहे,’ एवढंच तो म्हणतो, आणि तेवढंच त्याला माहीत असतं.

माझ्या फॉर्मवर आता ‘आपली माहिती नोंदवली आहे’ असं येतं, खाली नोंदणी क्रमांक आणि विभागाचा फोन : आठवड्यात आमच्याकडून कुणी बोललं नाही तर या क्रमांकावर विचारा. दर सोमवारी मी डेटाबेसमधल्या नोंदी आणि इनबॉक्समधले मेल मोजून दोन्ही आकडे वहीत लिहिते. जमले नाहीत तर त्या दिवशी आधी लॉग.

शिक्षकांच्या विहिरीवर मी नंतर जाऊन आले. पहिल्या तीन आठवड्यांच्या तक्त्यात साठीच्या वरच्या मालकांपुढे मी शून्य लिहिलं होतं. गाइडनी ते पान परत दिलं आणि पेन्सिलीने सगळी शून्यं खोडायला लावली. ते रकाने आता रिकामे आहेत, आणि खाली टीप आहे : या काळात फॉर्म चालू होता, नोंद होत नव्हती.