उचलेगिरीचे शब्दवैभव

दुसऱ्याच्या खिशातले पाकीट उचलले तर मराठीत त्याला सरळ चोरी म्हणतात. पण दुसऱ्याची कथा उचलली की आपल्या भाषेला औदार्याचे भरते येते. 'आधारित', 'बेतलेले', 'स्वैर रूपांतर', 'प्रेरणा', 'छाया'! अहो, झाडच्या झाड मुळासकट उपटून स्वतःच्या परसात लावायचे, नि वर म्हणायचे, छाया! 'वाङ्मयचौर्य' या शब्दाचेही माझे जमत नाही. त्यातल्या त्या 'ङ्'मुळे चोराला उगीच शाल पांघरल्यासारखे वाटते. त्यापेक्षा 'ढापणे' बरे. निदान ऐकणाऱ्याला तरी लाज वाटते.

ही हौस आजची नव्हे. हजारेक वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या उद्योगाचे शब्दहरण नि अर्थहरण असे रीतसर विभाग पाडले. आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत म्हणून तो सबबींची यादीही देतो: तो कवी अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, तो पडला परदेशचा, त्याचे काव्य जाणणारे आता उरले नाहीत. आजचे खुलासे वाचा, हीच यादी! म्हणजे सबबीसुद्धा उसन्याच.

रोमन मंडळी मात्र रोखठोक. पहिल्या शतकात मार्शल या कवीच्या कविता कुणी स्वतःच्या म्हणून वाचू लागला, तेव्हा मार्शलने त्याला 'प्लेजियारियस' म्हटले. म्हणजे माणसे पळवणारा! इंग्रजीतला 'प्लेजिअरिझम' तिथलाच. मला हा शब्द पटतो. पाकीट गेले की मालकाचा खिसा रिकामा होतो. कविता चोरली तरी ती कवीच्या वहीत असतेच. मग जाते काय? बापाचे नाव जाते. आपलेच पोर दुसऱ्याला 'बाबा' म्हणताना ऐकायचे, ही शिक्षा पाकीटवाल्याला नसते.

म्हणून 'ती फुलराणी' बघताना मनाला काही बोचत नाही. ती शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून घेतली, हे पु. लं.नी लपवले नाही. शॉनेही 'पिग्मॅलियन' हे नाव जुन्या ग्रीक कथेतून उघडपणेच घेतले होते. याला म्हणतात दत्तकविधान! पोर आपल्या घरचे कपडे घालते, आपली बोली बोलते, पण ते कुठून आले हे साऱ्या आळीला ठाऊक असते. दत्तक चारचौघांत घेतात. पळवापळवी अंधारात होते.

तेव्हा छाया घ्या, प्रेरणा घ्या, हवे तर झाडही घ्या. फक्त कथेखाली 'कल्पना परकीय' एवढेच छापू नका. त्या परकीयालाही आईबापांनी काहीतरी नाव ठेवलेले असते हो!